लाईट गेली हे फ्रेंचमध्ये कसं सांगायचं?

मालवण तालुक्यातल्या एका काकींचं पत्र आलंय. वहीची चार पानं, निळी शाई आणि शेवटी ठळक अक्षरांत 'नाव छापू नये, गावात सगळे ओळखतात'. मजकूर थोडक्यात असा:

"मी 72 वर्षांची. शिक्षण सातवी. मुलगा नऊ वर्षं फ्रान्समध्ये रेन या शहरात आहे, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. नात चार वर्षांची. दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. सूनबाई मोडकंतोडकं मराठी बोलते, नात दोन्हीकडचं मिसळून बोलते. अडचण विहीणबाईंची आहे. त्या काँकाल नावाच्या समुद्राकाठच्या गावात राहतात आणि रविवारी लेकीकडे आलेल्या असतात. फोनवर येतात, हसतात, हात हलवतात. मीही हसते, हात हलवते. मग आम्ही दोघी माझ्या मुलाकडे बघतो. तो 'आई विचारते कशा आहात', 'त्या म्हणतात बऱ्या आहेत' एवढं सांगतो आणि विहीणबाई उठून जातात. तीन वर्षं हेच चाललंय. पुतणीने मोबाईलवर फ्रेंच शिकायचं ॲप घालून दिलं. त्यात दोन महिने 'मुलगा सफरचंद खातो' यापुढे गाडी नाही. आमच्याकडे ना तो मुलगा, ना सफरचंद. आमचे हे म्हणतात, 'तू कित्याक फ्रेंच शिकतंस? तिकाच मालवणी शिकव.' रोजची लागणारी वाक्यं लिहून पाठवाल का? या वयात जीभ वळेल का? शिवाय नात विहीणबाईंना 'मामी' म्हणते, ते काय ते कळत नाही. आणि दिवाळीच्या सुमारास साडेआठचा फोन साडेनऊवर गेला, तो का?"

काकी, नमस्कार.

सोप्या प्रश्नांपासून सुरू करते. नात अजिबात चुकत नाहीये. फ्रेंचमध्ये आजीला लाडाने 'मामी' म्हणतात, आजोबांना 'पापी', आणि आत्या-मावशीला 'ताता'. म्हणजे विहीणबाई मामी आणि तुम्ही आजी, हिशेब चोख आहे. 'पापी' ऐकून मात्र घरातल्यांनी दचकू नये.

फोनच्या वेळेचं गौडबंगाल असं, की तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं हलवतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे. उन्हाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. तुमचा मुलगा त्याच्या घड्याळात बरोबर पाचलाच फोन लावतो, तुमच्याकडे तेव्हा कधी साडेआठ वाजलेले असतात, कधी साडेनऊ. मार्च संपता संपता पुन्हा साडेआठ होतील. तोवर जेवणं आधी उरकून घ्या.

यातच पहिला धडा आहे. फोन उचलल्यावर 'बोंझूर' म्हणायचं की 'बोंस्वार'? पहिलं दिवसाचं, दुसरं संध्याकाळचं. तुमच्याकडे दिवेलागण होऊन दोन-अडीच तास झालेले असतात, पण घड्याळ त्यांचं धरायचं. पाच वाजता बोंझूर. जूनमध्ये तर तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे तुम्ही अंधारात बसून भर उन्हातल्या माणसाशी बोलत असता. नातीसाठी यातलं काहीच नको. तिला 'कूकू' म्हणा. पोरांशी आणि जवळच्या माणसांशी बोलताना हाक म्हणून हा शब्द तिकडे सर्रास वापरतात, आणि गंमत म्हणजे तान्ह्या मुलांशी तोंड लपवून खेळतानाही तोच. आपलं 'बुवाऽ कुक' आणि त्यांचं 'कूकू', बाळाला दोन्ही सारखीच.

आता जीभ वळेल का. काकी, जीभ जरा बाजूला ठेवा. फ्रेंचला आधी नाक लागतं, आणि ते तुमच्याकडे तयार आहे. माझं माहेर सावंतवाडीकडचं. पुण्यात फ्रेंच शिकायला गेले तेव्हा वर्गातल्या निम्म्या पोरांना 'बों' म्हणता येईना. कोणी 'बॉन' म्हणायचं, कोणी 'बोंग'. मला ते पहिल्याच दिवशी आलं, कारण मी 'खंय गेल्लंस' आणि 'हंयसर ये' ऐकत वाढले होते. 'खंय' म्हणून बघा. ओठ मिटत नाहीत, जीभ टाळ्याला टेकत नाही, आवाज नुसता नाकातून निसटतो. फ्रेंचमध्ये असे तीन-चार स्वर आहेत. 'आँ', 'ओं' आणि 'ॲं' हे तीन आले की पुरे. कोकणातली माणसं नाकात बोलतात म्हणून आपण आयुष्यभर चिडवून घेतलं, त्याची वसुली इथे करायची.

दुसरा फायदा तुमच्या सातवीचा. इंग्रजीत मुरलेला माणूस फ्रेंच बोलायला लागला की 'ट' आणि 'ड' करतो. फ्रेंचचे 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून म्हणायचे, म्हणजे आपले ताटातले आणि दारातले.

अवघड म्हणाल तर तीन आवाज आहेत. 'बोंझूर'मधला 'झ' आपल्या झाडातला नाही. 'शूऽऽ' म्हणून कोंबडी हाकलता ना, तसा 'श' लांबवा आणि त्यात घशाचा आवाज मिसळा. घशावर बोट ठेवलंत तर थरथर लागेल, तो हा 'झ'. खाली मी जिथे 'झ' लिहिलाय तिथे हाच समजा. मात्र 'ज' लिहिलाय तो 'जरा'मधला. दुसरा फ्रेंच 'तू'मधला स्वर. तो आपला 'ऊ' नाही. तोंडात 'ई' म्हणायचं आणि ओठ शिट्टी मारल्यासारखे करायचे. 'प्लू'मध्येही तोच आहे. तिसरा 'र', जो ते गुळणी केल्यासारखा घशातून काढतात. त्याच्या नादी लागू नका. आपल्या 'र'ने 'मेर्सी' म्हटलंत म्हणून आभार पोचायचे राहत नाहीत.

वयाचं म्हणाल, तर एकोणिसाव्या शतकात मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर राबायला गेलेल्यांत आपल्या रत्नागिरी-सावंतवाडीकडची माणसं होती. त्यांना कोणी ॲप दिलं नव्हतं. आज त्यांची पतवंडं फ्रेंच सहज बोलतात. तुम्हाला तर आठवड्यातून अर्धा तास निभवायचाय.

आता वाक्यं. तुम्ही 'रोजची लागणारी' मागितलीत. माझं म्हणणं, आधी बोलणं तुटतं तिथली वाक्यं शिका. असं बघा, नुसतं 'कशा आहात' शिकलात आणि छान म्हणालात, तर विहीणबाई हरखून भराभर पाच वाक्यं बोलतील. तुम्हाला एक कळणार नाही. तुम्ही पुन्हा मुलाकडे बघाल, त्या उठून जातील. तीन वर्षं जे चाललंय ते या जागी अडलंय. बोलायला विषय नाहीत असं थोडंच आहे? न कळल्यावर काय करायचं ते दोघींपैकी एकीलाही ठाऊक नाही. तेवढं तुमच्या हातात आलं की पुढचं बोलणं आपोआप ताणता येतं.

तेव्हा सगळ्यात आधी हे: 'प्लू लाँत्माँ, सिल वू प्ले.' जरा हळू, कृपा करून. त्याच्या जोडीला 'रेपेते, सिल वू प्ले', परत सांगा. आणि 'झ न कोंप्राँ पा', मला समजलं नाही. यातला 'न' बोलताना ते स्वतःच गिळतात, तुम्हीही खुशाल गिळा. 'पा' मात्र ऐकू जायला हवं, नकार त्यात आहे. ही तीन वाक्यं हसत म्हणायची. शरमून म्हटलीत तर समोरच्याला वाटतं आपणच काहीतरी चुकलो.

मग फोनची. 'वू माँताँदे?' म्हणजे ऐकू येतंय का. 'झ वू-जाँताँ माल', मला नीट ऐकू येत नाही. 'सा कूप', मध्ये मध्ये तुटतंय. 'कूप' म्हणजे कापणं, तुम्ही 'कट होतंय' म्हणता तेच. तुमच्याकडे पडवीत रेंज येते आणि माजघरात जाते असं पत्रावरून दिसतं, तेव्हा हे वाक्य पाठ नाही केलंत तरी चार रविवारांत पाठ होईल. रेंज अगदीच रडायला लागली तर 'साँ ला व्हिदेओ' म्हणा, म्हणजे चित्र बंद करून नुसतं बोलू. आवाजाला चित्राइतकी रेंज लागत नाही.

आणि मथळ्यातलं वाक्य. 'इल न्या प्लू द कूराँ.' लाईट गेली. 'कूराँ' म्हणजे आपला करंटच, दोघांचं मूळ एक. 'करंट गेलो' असं तुमच्या घरात कोणीतरी ओरडतंच, त्याला थोडं नाक लावलं की झालं. पावसाळ्यात हे वाक्य फुकट जाणार नाही. नुसता अंधार झाला आणि फोन बंद पडला तर तिकडे काळजी लागते, तेवढं बोलून बंद पडला तर हसतात. मला यातला सगळ्यात आवडता शब्द 'झारीव'. शब्दशः अर्थ 'येते', पण म्हणतात आपल्या 'आलेच'च्या जागी. कुकरची शिट्टी झाली, दारात मासेवाली आली, 'झारीव!' म्हणायचं आणि उठायचं. आपलं 'आलेच' जसं दोन मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत ताणता येतं, तसं तेही ताणलं जातं.

इथवर आलो की बोलायचं काय हा प्रश्न. काकी, तुमच्यासारखं नशीब कुणाचं नाही. तुम्हाला विहीण मिळालीय ती ब्रेतान्यची, आणि तीही काँकालची. ब्रेतान्य म्हणजे फ्रान्सचं कोकण म्हटलं तरी चालेल. काँकाल कशासाठी प्रसिद्ध आहे माहीत आहे? कालवांसाठी! तुमच्याकडे बायका ओहोटीला कोयती घेऊन खडकावरची कालवं काढायला जातात, तिकडे त्यांची शेती करतात. बंदरावर बाजार भरतो, लोक तिथेच काठावर बसून लिंबू पिळून कच्ची कालवं खातात आणि शिंपले खाली वाळूत टाकतात. कच्ची ऐकून तोंड वाकडं करू नका, करायचंच तर कॅमेऱ्यासमोर करा, त्यांना मजा येईल. कालव म्हणजे 'उईत्र'. तारली 'सार्दीन', कोळंबी 'क्रव्हेत'. बांगड्याचा भाऊ 'माक्रो', पण हा शब्द माशापुरताच ठेवा. माणसाला लावला तर फार वाईट शिवी होते, मुलाला विचारू नका, सुनेला विचारा.

भरती-ओहोटीचंही तसंच. काँकाल ज्या उपसागरावर आहे तिथे मोठ्या उधाणाला पाणी चौदा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. आपल्याकडे मालवणला जेमतेम दोन-अडीच मीटर. विहीणबाईंना विचारा, 'मारे ओत?' म्हणजे भरती आहे का, किंवा 'मारे बास?', ओहोटी. दोन शब्दांचं वाक्य, पण समुद्राकाठच्या बाईला हे विचारणारं माणूस परकं वाटत नाही. जवळच्याच सँ मालो शहरासमोर समुद्रात किल्ला आहे, तिथे ओहोटीला चालत जाता येतं. तुमच्या दारातून सिंधुदुर्ग दिसत असेल तर एकदा फोन तिकडे फिरवा. आणि कानावर पडलं तर गोंधळू नका, फ्रेंचमध्ये समुद्र 'ला मेर' आणि आईही 'ला मेर'. लिहिताना वेगळे, बोलताना एकच. समुद्र त्यांच्याकडे ती आहे, चंद्रही ती. आपल्याकडे तीन लिंगं असल्यामुळे तुम्हाला याचा धक्का बसणार नाही.

पण खरा खजिना चुलीपाशी आहे. ब्रेतान्यमध्ये घरोघरी 'गालेत' करतात. 'साराजँ' म्हणजे आपल्या उपासाच्या कुट्टूचं पीठ, पाणी आणि मीठ. पातळ भिजवायचं, बिडाच्या जाड तव्यावर ओतायचं, पसरायचं, कडा सुटल्या की उचलायचं. त्या तव्याला तिकडे 'बिलिग' म्हणतात. वाचताना तुम्हाला स्वतःचा तवा दिसला की नाही? पीठ बदला, घावणे झाले. गव्हाचं पीठ, दूध आणि अंडी घालून गोड करतात ते 'क्रेप'. 2 फेब्रुवारीला तिकडे क्रेपचा सणच असतो, 'शाँदलर' म्हणतात. त्या दिवशी एका हातात नाणं धरून दुसऱ्या हाताने तव्यावरचं क्रेप उडवून उलटतात, म्हणजे वर्षभर पैसा टिकतो म्हणे. तुम्ही घावणे उडवू नका, ते जाळीदार आणि नाजूक, तुटतील. पण त्या सुमाराच्या रविवारी दोघी आपापल्या तव्यापाशी उभ्या राहा.

त्यासाठी चार वाक्यं पुरतात. 'केस्क से?' म्हणजे हे काय. याच्याइतकं उपयोगी वाक्य कुठल्याच भाषेत नाही. 'सा सापेल...' आणि पुढे आपला शब्द, म्हणजे 'याला घावणे म्हणतात', 'याला विळी म्हणतात'. विळी मुद्दाम दाखवा. पायाखाली पाट दाबून नारळ खोवताना बघून त्या 'ओ ला ला' म्हणतील, ते खरोखर म्हणतात. तिसरं 'मोंत्रे म्वा', मला दाखवा. चौथं 'से बों?', चांगलं लागतं का. पिठाचं नाव सांगायला 'फारीन द री', तांदळाचं पीठ. नारळ 'न्वा द कोको'. काजूला तर शिकायचंच नाही, 'काझू' म्हणतात. अननसाला 'अनानास' आणि साबणाला 'सावों'. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, नावही तिथलंच आलं, त्याचीच एक फांदी तिकडे पोचली.

एक सावधगिरी. आपण फोन उचलला की 'जेवलात का' विचारतो. फ्रेंचमध्ये हे विचारू नका. त्यांच्याकडे तो खराखुरा प्रश्न असतो, आणि पाच वाजता विचारलात तर त्या घड्याळाकडे बघतील. त्याऐवजी 'सा व्हा?' म्हणजे बरं आहे ना. उत्तरही तेच, 'सा व्हा'. नातीला मात्र खाण्याबद्दल विचारू शकता, कारण दुपारी चार-पाचच्या सुमाराला तिकडच्या पोरांना खाऊ असतो. त्याला 'गूते' म्हणतात. 'से बों, ल गूते?' विचारा, ती हातातला पाव कॅमेऱ्यात कोंबेल.

मान राखायचं गणित तुम्हाला शिकवायला नको, 'तू' आणि 'वू' म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. नातीला आणि सुनेला 'तू', विहीणबाईंना 'वू'. वर दिलेली वाक्यं 'वू'चीच आहेत. काही महिन्यांनी त्याच म्हणतील, 'ओं स त्यूत्वा?' म्हणजे आता एकमेकींना अगं-तूगं करूया का. हे फ्रेंच माणूस उठसूट विचारत नाही. तेव्हा 'आवेक प्लेजीर' म्हणा, आनंदाने. 'विहीण' या नात्याला मात्र रोजच्या फ्रेंचमध्ये शब्दच नाही. त्या तुमची ओळख करून देताना 'जावयाची आई' असं लांबण लावत असतील. सासूला त्यांच्याकडे 'बेल-मेर' म्हणतात, शब्दशः सुंदर आई, आणि सुनेला 'बेल-फीय', सुंदर मुलगी. सावत्र आईलाही बेल-मेरच म्हणतात, तो भाग सोडून द्या. तेव्हा यजमानांचं म्हणणं इथे मानायला हरकत नाही. 'विहीण' हा एक शब्द त्यांना तुम्ही शिकवा.

वय विचारलं तर 'झे स्वासाँत-दूजाँ'. गंमत बघा, ते 'मी बहात्तरची आहे' म्हणत नाहीत, 'माझ्यापाशी बहात्तर वर्षं आहेत' म्हणतात. आणि बहात्तर म्हणजे साठ-बारा. ऐंशी म्हणजे चार-वीस. आपल्या जुन्या बायका कोडीने मोजायच्या, तीन कोड्या आणि वर बारा, तसंच. बेल्जियम-स्वित्झर्लंडवाल्यांनी सत्तरला साधा शब्द ठेवलाय, फ्रान्सवाले ऐकत नाहीत.

'माझ्यापाशी आहे'ची ही तऱ्हा गरमीलाही लागते. मला उकडतंय हे 'झे शो' म्हणायचं. 'झ स्वी शोद' म्हटलंत तर अर्थ भलतीकडे जातो, तो मी इथे छापत नाही. माझी स्वतःची फजिती सांगते. पहिल्यांदा फ्रान्सला गेले तेव्हा एका घरी जेवायला बोलावलं होतं. तिसऱ्यांदा वाढायला लागले तेव्हा 'पोट भरलं' म्हणायचं होतं, म्हणून मी शब्द जुळवून 'झ स्वी प्लेन' म्हणाले. मी भरलेय. टेबलावर शांतता. मग यजमानीणबाई हसत सुटल्या. हे वाक्य गाभण गाईसाठी वापरतात. तेव्हापासून मी 'झे ब्यँ माँझे' म्हणते, छान जेवले. तुम्हीही तेच म्हणा.

पावसाचा विषय जूनसाठी राखून ठेवा. ब्रेतान्यची माणसं पावसावरून साऱ्या फ्रान्सची बोलणी खातात, पण रेनला वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे सिंधुदुर्गात तीन हजाराच्या घरात. ते जोराच्या पावसाला 'इल प्लऽ दे कोर्द' म्हणतात, दोरखंडं पडताहेत. आपल्याकडे मुसळं पडतात. फोन खळ्याकडे धरा आणि दाखवा, कोणाचं खरं ते.

आता शिकायचं कसं. ॲप राहू दे, पुतणीला वाईट वाटेल म्हणून काढू नका. सुनेला सांगा, ही वाक्यं एकेक करून व्हॉट्सॲपवर आवाजात पाठव. एका निरोपात एकच वाक्य, आधी हळू, मग नेहमीच्या वेगाने. आठवड्याला तीन, जास्त नको. नारळ खोवताना, तांदूळ निवडताना तेच तेच लावा. आणि मी इथे जसं लिहिलंय तसं उतरवून घेऊ नका. तुमच्या कानाला जसं ऐकू येईल तसं तुमच्या अक्षरात लिहा. देवनागरीत फ्रेंच लिहिणं म्हणजे सुपात पाणी धरणं, थोडं गळणारच. कोणाचं गळलेलं कोणाला उपयोगी पडत नाही. मोठ्या अक्षरांत कागद लिहून फोन टेकवता त्या डब्याच्या वर, डोळ्यांच्या रेषेत चिकटवा. खाली मान घालून वाचलंत तर विहीणबाईंना तुमचा फक्त भांग दिसेल. सुनेलाही यात काम मिळतं. आजवर ती तुमच्यासाठी मराठी शिकत होती, आता उलट.

आणि मुलाला उठवा. हे जरा कडक वाटेल, पण सांगते. तो जवळ असेपर्यंत तुम्ही दोघी त्याच्याकडेच बघणार. पहिली पाच मिनिटं त्याला चहा करायला पाठवा. त्या पाच मिनिटांत दोनदा गप्प बसायची वेळ येईल. येऊ दे. हातात काहीतरी धरा, केस्क से होईलच. फोन ठेवताना विहीणबाईंना 'आ दिमाँश', म्हणजे रविवारी भेटू, आणि नातीला 'ग्रो बीजू', मोठ्ठे पापे.

फेब्रुवारीतल्या घावण्यांचं नक्की झालं तर तांदूळ आदल्या रात्रीच भिजत घाला. साडेनऊच्या फोनला सव्वानऊला तवा चढवा, बीड तापायला वेळ घेतं. फोन तव्याच्या अगदी जवळ धरू नका, झाकण काढलं की वाफेने काच धुरकटते. नात लगेच ओरडेल, आजी दिसत नाही. तेव्हा पदराने काच पुसायची आणि म्हणायचं, झारीव!